त्या कडव्यापुरतं गप्प

भाची जन्मली तेव्हा तिचा पहिला टाहो ऐकून नर्स म्हणाली होती, "अगंबाई, हा तर कारखान्याचा भोंगा!" तेव्हापासून पोरीला ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नववीत गेली तरी घरात, शाळेत, रस्त्यावर ती भोंगाच. आवाज खोल आणि रुंद. दुकानात काही मागितलं तर दुकानदार मान वर न करता "बोला साहेब" म्हणायचा आणि मग वर बघून ओशाळायचा. त्यामुळे पोरगी चारचौघांत बोलायची कमी. गायची मात्र मनसोक्त. शाळेच्या समूहगानात तिला शेवटच्या रांगेत, खालच्या सुरांत जागा होती, आणि तिथे तिचा आवाज घराच्या पायासारखा होता. दिसायचा नाही, पण सगळं त्याच्यावर उभं असायचं.

ती जागा तिला दिली होती मावशीने. मावशी म्हणजे त्याच शाळेतल्या गाण्याच्या बाई. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारून विचारून लोकांच्या जिभा झिजल्या आणि शेवटी सगळे गप्प झाले. ताईच्या घरातली वरची खोली तिची. खाली ताई, भावजी आणि भोंगा. जेवणं एकत्र, आणि जेवणानंतरची भांडी मावशी-भाचीच्या वाट्याला. एकीने घासायची, एकीने पुसायची. त्या घरातली खरी बोलणी व्हायची ती नळ चालू असतानाच.

"मावशी, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"बशी फोडलीस?"

"नाही गं."

"मग नाही रागावणार. सांग."

भोंगाने एकच ताट तीनदा पुसलं. "ती खारूताई आहे ना, माझ्या बाकावरची."

खारूताई मावशीला चांगली ठाऊक होती. पेन्सिली कुरतडून कुरतडून अर्ध्या करणारी, किडकिडीत, वरच्या सुरांची पोरगी. समूहगानात पहिल्या रांगेत उभी राहायची.

"ती सकाळी वर्गात आली की सकाळ होते," भोंगा म्हणाली. "त्याच्या आधी नुसतं उजाडलेलं असतं."

"मैत्रीण आहे तुझी. होतं असं."

"मैत्रिणी मला खूप आहेत, मावशी. त्या आल्या की नुसत्या त्या येतात."

मावशीने नळ बंद केला नाही. उलट थोडा मोठा सोडला. बाहेरच्या खोलीत ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तिला माहीत आहे?"

"छे. कुणालाच नाही. आईला कळलं तर..." पोरीने वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. गेल्या वर्षी तिने स्वतःच्या हाताने केस कापून कानाच्या वर आणले तेव्हा भावजींनी तिला अख्खी सुट्टी आपल्या बहिणीकडे, तिच्या आत्याकडे पाठवलं होतं. आत्याचं घर दूर, आणि शिस्त अशी की तिथे मांजरसुद्धा पाय पुसून आत येतं. पोरगी परत आली ती केस वाढवून, वजन घटवून, आणि महिनाभर कुणी काही विचारलं तर "हो" एवढंच म्हणत होती. आणि ते केवळ केसांसाठी. ताई वाईट होती असं नाही. टीव्हीवर तसलं काही लागलं की ती म्हणायची, "असतात बाई जगात सगळ्या प्रकारची माणसं, माझं काही म्हणणं नाही. फक्त आपल्या उंबऱ्याच्या आत नको." हे ती असं म्हणायची की जणू पावसाळी बुटांबद्दल बोलते आहे.

"कुणाला कळणार नाही," मावशी म्हणाली. "माझ्यापर्यंत आलं ते माझ्यापाशीच राहिलं."

आणि ते खरंच राहिलं असतं. पण मावशीला लोकांच्या भल्याचं काहीतरी करून दाखवायची खोड होती.

त्याच सुमारास शिक्षणखात्याकडून शाळेला 'सगळ्यांची शाळा' नावाचा उपक्रम आला. जी मुलं चारचौघांसारखी नसतात, ज्यांच्या घरात दोन आया किंवा दोन बाबा असतात, ज्या मुलाला मुलगा आवडतो किंवा मुलीला मुलगी, त्यांना शाळा आपली वाटावी म्हणून काहीतरी करा, आणि वार्षिक समारंभात दाखवा. बाकीच्या शिक्षकांनी भित्तिपत्रकं लावायचं ठरवलं. भित्तिपत्रकाचा फायदा असा, की ते फक्त भिंतच बघते. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गाण्याच्या बाईंकडे वळल्या. "तुमची मुलं छान गातात. एखादं गाणं बसवा ना. जरा हृदयाला भिडेल असं, पण कुणाला लागणार नाही असं."

मावशीने गाणं स्वतः रचलं. एक कडवं अडखळत बोलणाऱ्या मुलाचं, एक दोन बाबांच्या घराचं, एक नाचायला आवडणाऱ्या मुलाचं. आणि एक कडवं तिने नळापाशी झालेल्या त्या बोलण्यावरून घेतलं. आधी भाचीला विचारलं. लपवून काही केलं नाही.

*मीही मुलगी, तीही मुलगी,*
*तिला पाहता सकाळ होते;*
*कुणास सांगू, कोठे सांगू,*
*तुमच्यासोबत गाऊन घेते.*

भोंगाने कागद वाचला. कान लाल झाले. "हे कळेल ना सगळ्यांना."

"कसं कळेल? तू एकटी थोडीच गाणार आहेस? मुलींच्या सगळ्या रांगा एकदम गाणार, मुलगे खाली नुसते गुणगुणणार. एवढ्या तोंडांनी 'मी' म्हटलं की ती 'मी' कुणाचीच राहत नाही. अगं, समूहगानात तर लपायलाच येतात माणसं."

"सगळ्या गातील?"

"सगळ्या गातील."

पोरगी हसली. आवाज एवढा मोठा असला तरी तिचं हसू अगदी बारीक होतं, ओठाच्या एकाच कोपऱ्यात मावणारं. "म्हणजे मी सगळ्यांसमोर म्हणणार आणि कुणाला कळणारच नाही."

"झाकली मूठ," मावशी म्हणाली.

तालमी सुरू झाल्या. गाण्याचा वर्ग शाळेच्या टोकाला, जिन्याखालच्या गोदामाशेजारी. जुना पियानो, ज्याच्या वरच्या दोन पट्ट्या दाबल्या तर नुसतं लाकूड वाजायचं. मुलं पायऱ्यापायऱ्यांच्या फळ्यांवर उभी राहायची आणि मावशी समोर हातांनी ताल द्यायची. तिचे नियम थोडे आणि पक्के होते. श्वास चोरून घ्यायचा. शेजारची गात असते तेव्हा तुम्ही घ्या, ती घेईल तेव्हा तुम्ही गा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की सूर तुटलाच नाही. चुकलात तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही. आणि काहीही होवो, छत कोसळो, माझा हात चालू आहे तोवर थांबायचं नाही.

मुलांना गाणं आवडलं. मुलांना काहीही आवडतं, त्यांना अजून कुणी काय आवडून घ्यायचं नाही ते पुरतं शिकवलेलं नसतं. 'सकाळ होते'च्या कडव्याला तर वर्ग असा भरून यायचा की शेजारच्या गोदामातला शिपाई झाडू टेकवून उभा राहायचा. शेवटच्या रांगेत भोंगा डोळे मिटून गायची. पहिल्या रांगेत खारूताई पेन्सिल कानाला अडकवून गायची. दोघींच्या मध्ये इतके सूर असायचे की त्यांच्यातून वाट काढत कुणीही त्या गुपितापर्यंत पोचलं नसतं.

मग आया यायला लागल्या.

पहिली आली औषधांच्या दुकानवाली. वर्ग सुटल्यावर दारात उभी राहिली, हातात मुलीचा डबा. "बाई, गाणं फार गोड आहे हं. घरी सारखी गुणगुणत असते. फक्त ते एक कडवं... म्हणजे दोन बाबा वगैरे ठीक आहे, ते दुसऱ्यांबद्दल आहे. पण हे 'मीही मुलगी, तीही मुलगी'. आमच्या मुलीच्या तोंडी 'मी' कशाला?"

"अहो, ते सगळ्या मिळून म्हणतात."

"हो, म्हणूनच म्हणते. इतक्या आहेत, एक आवाज कमी झाला तर काय बिघडतंय? तालमीत म्हणू दे हवं तर. समारंभात, सासूबाई येणार आहेत हो माझ्या, त्या कडव्यापुरतं तिला नुसतं तोंड हलवू द्या. आणि हे आपल्या दोघींतच राहू द्या."

मावशीने विचार केला. नाही म्हणावं तर ही बाई मुलीलाच काढून घेईल. एक गेली की चार जातात. चार गेल्या की मोठ्या बाई गाणंच रद्द करतील. आणि समूहगानात तोंड हलवणारी असतातच; ज्यांचा आवाज फुटलेला असतो, ज्यांना सर्दी असते, त्यांना प्रत्येक गाण्याच्या बाईने आयुष्यात कधी ना कधी सांगितलेलं असतंच, 'आज तू नुसतं तोंड हलव हं राजा.' कुणाला पत्ताही लागत नाही. हा तर धंद्यातला रोजचा व्यवहार.

"बरं," ती म्हणाली. "त्या कडव्यापुरतं."

मग दातांची डॉक्टर आली. मग एक बसचालक बाप, टोपी हातात घेऊन, फारच अवघडून. त्याला तर मावशीनेच वाक्य पुरं करून दिलं. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच आलो आहोत. प्रत्येक जण म्हणायचा, आमचं काही म्हणणं नाही हो, पण. प्रत्येकाला मावशी म्हणायची, बरं, त्या कडव्यापुरतं. आणि रात्री अंथरुणावर पडली की मनातल्या मनात रांगा लावून बघायची: ही गप्प, ती गप्प, ही गप्प, पण ह्या एवढ्या तर आहेत. ज्यांच्या आया आल्या नाहीत त्या सगळ्या तिने आपल्या बाजूच्या धरल्या होत्या.

एके दिवशी खारूताईची आई आली. ही शेजारच्या पाळणाघराची बाई, हसरी, बोलघेवडी. मावशीला ती मनापासून आवडायची. "बाई, तुमच्या भाचीमुळे आमचं येडं अभ्यासाला लागलंय बरं का," असं म्हणून तिने सुरुवात केली आणि शेवट मात्र इतरांसारखाच केला. हिला तरी नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं. पण एकीला हो आणि दुसरीला नाही, हे कुठल्या तोंडाने? "बरं," ती म्हणाली.

शेवटचा घाव घरातूनच आला. समारंभाच्या आदल्या दिवशी ताई वर आली. ताई वरच्या खोलीत वर्षातून दोनदा यायची, त्यामुळे मावशीने आधी पंखा बंद केला आणि मग खुर्ची पुढे केली.

"ते कडवं तू कशाला घातलंस मला कळत नाही," ताई म्हणाली. "पण तुझं काम आहे, मी बोलणार नाही. एवढंच कर, आपली त्यात नको. तिचा आवाज आधीच बाप्यासारखा. तिने तसलं गायलं तर लोक दोन आणि दोन चार करतील."

"ताई, सगळ्या गातात. तिचा आवाज वेगळा ऐकू येतच नाही."

"मग ती गप्प राहिली तर तुला काय फरक पडतो?"

ज्या हिशोबावर मावशीने सगळ्यांना 'बरं' म्हटलं होतं, तोच ताईने तिच्या खोलीत येऊन तिच्याच तोंडावर मारला. मावशी म्हणाली, "बरं."

खाली नळ सुरू झाल्यावर तिने भाचीला सांगितलं.

"मी गाणार," भोंगा म्हणाली.

"अगं, आई समोर बसणार आहे."

"तूच म्हणालीस ना, आवाज वेगळा ऐकू येत नाही. मग आईला कसं कळेल मी गायले की तोंड हलवलं?" हे तिने हुज्जत घातल्यासारखं नाही, गणित सोडवल्यासारखं म्हटलं. "एवढे दिवस मी फक्त त्या कडव्यासाठी येतेय, मावशी. बाकी सगळं गाणं मी त्याची वाट बघत गाते. सगळ्या गाणार आहेत ना?"

इथे मावशीला सांगता आलं असतं. सगळ्या नाही गं, काही जणी गप्प राहतील. पण तिला वाटलं, उगाच पोरीचा धीर कशाला खचवा. आणि खारूताईचं तर सांगणं शक्यच नव्हतं. तिने हात पुसले आणि म्हणाली, "गाणार आहेत. तू मागच्या रांगेत, दिव्याच्या बाहेर. गा खुशाल."

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून व्यायामशाळेतले बाक आणून लावले होते. शिक्षणखात्याचे साहेब पहिल्या ओळीत, त्यांच्याशेजारी मोठ्या बाई, नवीन बूट चावत असल्यामुळे अर्धं लक्ष पायांकडे. चौथ्या ओळीत ताई आणि भावजी. भावजी कामावरून परस्पर आले होते आणि बसल्या बसल्या पेंगत होते.

मुलं फळ्यांवर चढली. मावशीने हात वर केला.

पहिली कडवी झोकात गेली. अडखळणाऱ्या मुलाच्या कडव्याला कुणीतरी मागे नाकही शिंकरलं. दोन बाबांच्या घराला साहेबांनी मान डोलावली. मुलग्यांनी खालची गुणगुण धरली, एक लांब, काळोखा सूर, आणि मावशीने मुलींच्या रांगांकडे हात उघडला.

*मीही मुलगी*

मावशीला आधी वाटलं, आपल्याच कानात दडे बसले. समोर सगळी तोंडं उघडत होती, मिटत होती, व्यवस्थित, शिकवल्याबरहुकूम. औषधवालीची मुलगी, डॉक्टरची मुलगी, बसचालकाची. पण ज्यांच्या आया कधी आल्याच नव्हत्या, ज्यांच्यावर मावशीने भरवसा टाकला होता, त्यांचीही तोंडं नुसती हलत होती. त्यांच्या आयांना बाईंना विचारायची गरज वाटली नव्हती. त्यांनी घरीच सांगून टाकलं होतं. एक आवाज कमी झाला तर काय. इतक्या तर आहेत.

सगळ्या रांगांच्या मागून, दिव्याच्या बाहेरून, एकच आवाज येत होता.

*तीही मुलगी, तिला पाहता*

डोळे मिटलेले असल्यामुळे पोरीला कळायला एक ओळ गेली. मग तिने डोळे उघडले. तिने उजवीकडे पाहिलं, शेजारचीचं तोंड हलत होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. डावीकडे पाहिलं. मग तिने मावशीच्या हाताकडे पाहिलं.

हात चालू होता.

तो थांबवता आला असता. मूठ मिटली असती तर मुलग्यांची गुणगुण बंद झाली असती, काहीतरी बिघडलं म्हणून लोक हसले असते, पुढचं कडवं सुरू झालं असतं. किंवा मावशीला गाता आलं असतं. शब्द तिचे, चाल तिची. तिने तोंड उघडून नुसता आवाज सोडला असता तरी निदान दोघी झाल्या असत्या. तिचं तोंड उघडं होतंही. पण समोर उभं राहून ताल देणाऱ्या बाईला सवय असते, मुलांना शब्द आठवावेत म्हणून ओठ हलवायचे, आवाज न काढता. वर्षानुवर्षं तिने तेच केलं होतं. आणि पाठीमागे ताई बसली होती, आणि ताईच्या घरातली वरची खोली होती, आणि लग्न का केलं नाही हे विचारायचं लोकांनी आत्ता कुठे सोडलं होतं. तिचे ओठ हलत राहिले. सभागृहात तोंड हलवणाऱ्यांत आणखी एक.

पोरगी थांबली नाही. शिकवल्याप्रमाणे तिने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त श्वास कुठे घ्यावा ते तिला कळेना, कारण श्वास चोरायला शेजारी कुणी गात नव्हतं. 'कोठे सांगू'च्या नंतर तिला सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घ्यावा लागला, पाण्यातून वर आल्यासारखा. मग तिने शेवटची ओळ म्हटली.

*तुमच्यासोबत गाऊन घेते.*

खारूताईने मागे वळून पाहिलं होतं. गाताना मागे वळायचं नाही हा नियम मोडून.

टाळ्या पडल्या. इतक्या, की पुढच्या कडव्याचा सूर लागायला वेळ गेला. साहेबांना वाटलं, हे असंच बसवलंय: सगळ्या जणी मूक आणि मागून एक एकाकी आवाज. "काय कल्पना आहे!" ते मोठ्या बाईंना म्हणाले. "समाजाचं मौनच दाखवलंत तुम्ही!" मोठ्या बाई बूट विसरून उभ्या राहिल्या. लोकांना कडव्यातलं काय कळलं आणि काय नाही, ते ज्याचं तो जाणे. पण चौथ्या ओळीत एक बाई होती जिला आपल्या मुलीने त्या कडव्यापुरतं गप्प राहायचं होतं हे ठाऊक होतं. तिने टाळी वाजवली नाही. भावजी जागे झाले होते.

घरी जाताना भोंगा पुढे, तिच्यामागे आई-बाप, सगळ्यांत मागे मावशी, वह्यांची पिशवी छातीशी धरून. दार लागल्यावर ताईने एकच प्रश्न विचारला.

"कोण ती?"

पोरगी उभी राहिली. तिला खोटं बोलता आलं असतं. गाणं होतं, बाईंनी शिकवलं, मी गायले. मावशी तेच म्हणायला पुढे झाली. "ताई, गाण्यातलं कडवं आहे, त्यात काय एवढं..."

"तू बोलू नकोस," ताई म्हणाली आणि तिने मावशीला तिच्या नावाने हाक मारली. पुष्कळ वर्षांनी. "तुला माहीत होतं."

भोंगाने मावशीकडे पाहिलं. रागाने नाही. जिने वाट दाखवली तिलाच वाट माहीत नव्हती असं कळल्यावर माणूस बघतं तसं.

"मावशी, तूपण नाही गायलीस," ती म्हणाली. आणि आईला म्हणाली, "नाव नाही सांगणार."

त्या रात्री भांडी तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात पोरीला आत्याकडे सोडायचं ठरलं. ह्या वेळी सुट्टीपुरतं नाही; तिथल्या शाळेत नावच घालायचं. भावजी म्हणाले, शिक्षा नाही, हवापालट. ताई डोळे पुसत बॅग भरत होती आणि लोकरीचे मोजे चार-चार कोंबत होती. मारणाऱ्याचे हात दिसतात तरी, पण असं प्रेमाने मोजे भरणाऱ्या हातांचं काय करावं हे मावशीला कळेना.

शाळेतल्या शेवटच्या दिवशी भोंगा खारूताईशी बोलली. काय बोलली ते मावशीला पोरीनेच सांगितलं, बसथांब्यावर, भावजी तिकिटांच्या रांगेत असताना.

"ती रडत होती. म्हणाली, मी गाणारच होते. आईने सांगितलं होतं तरी गाणार होते. पण आई म्हणाली, बाईंनीच हो म्हटलंय." भोंगा बॅगेच्या बंदाशी खेळत होती. "तू हो म्हटलंस, मावशी?"

"हो."

"तिच्या आईला?"

"सगळ्यांनाच," मावशी म्हणाली. "मला वाटलं, बाकीच्या आहेत."

भोंगाने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. बस आली, भावजींनी बॅग उचलली, आणि पोरीने वाकून मावशीच्या खांद्याला गाल टेकवला, जसा अनोळखी घरात कुणी सांगितलं म्हणून टेकवतात. खिडकीशी बसली ती पलीकडच्या बाजूला.

महिन्याभरात शिक्षणखात्याचं पत्र आलं. गाणं निवडलं गेलं होतं. सगळ्या शाळांसमोर राजधानीत करायचं होतं. मोठ्या बाईंनी पेढे वाटावेत तशी ती बातमी वर्गावर्गांत वाटली. "तो एकटा आवाज मात्र तसाच हवा हं. साहेबांनी मुद्दाम लिहिलंय. तुमची भाची नाही तर दुसरी कुणी बघा."

संध्याकाळी गाण्याच्या वर्गाच्या दारात औषधांच्या दुकानवाली उभी होती. ह्या वेळी हातात डबा नव्हता, फुलं होती. "बाई, आमच्या मुलीचा आवाज तुम्ही ऐकलाच आहे. ते एकटीने म्हणायचं कडवं... तिला मिळालं तर बरं होईल. सासूबाईंनाही फार आवडलं होतं. राजधानीत जायचं म्हणजे काय, चेष्टा आहे का!"

"त्यात 'मी' आहे," मावशी म्हणाली.

"अहो, ते गाणं आहे. गाण्यातलं कोण खरं धरतं?"

मावशीने फुलांकडे पाहिलं. तिला खूप काही म्हणायचं होतं. तिला ती फुलं पियानोवर आपटायची होती, गाणं फाडायचं होतं, राजीनामा लिहायचा होता. पण भाडं न देता राहायची वरची खोली आता तिची राहिली नव्हती, ताईने नीट शब्दांत सांगितलं होतं, आणि दुसरी खोली बघायची तर नोकरी हवी होती. तिने फुलं घेतली.

"बरं," ती म्हणाली.

त्या रविवारी ती शेवटच्या पेट्या न्यायला ताईच्या घरी गेली. ताई फोनवर होती, जिन्याच्या पायथ्याशी. मावशी वरच्या पायरीवर पेटी घेऊन थबकली.

"जेवलीस का? ... हं. ... आणि अभ्यास? ... हं. आत्याला त्रास देऊ नकोस." ताईच्या तोंडचे प्रश्न संपले तरी ती फोन धरून होती. मग तिने वर पाहिलं. "मावशी? आहे ना, इथेच आहे. देऊ?"

मावशी पेटी ठेवून खाली यायला लागली.

ताई ऐकत होती. "बरं," ती म्हणाली. "सांगते." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"काही नाही." ताईने फोनची वायर उगाच सरळ केली. "झोप आलीय म्हणाली."

दुपारचं ऊन अजून जिन्यावर होतं. दोघी बहिणी त्यात उभ्या राहिल्या, एक वरती, एक खालती. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.